लोकसभेच्या जागा कोणाला किती? मोठ्या आणि छोट्या राज्यांच्या वादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मतदारसंघ पुनर्रचनेचा विषय निघाला की दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, दक्षिणेवर अन्याय होणार. दुसरा म्हणतो, उत्तरेतल्या माणसाचं मत आजच हलकं झालंय. दोघंही खरं बोलतात, आणि म्हणूनच हा वाद इतकी वर्षं लोंबकळत पडला आहे. या विषयावर लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे सगळी आकडेमोड २०११ च्या जनगणनेवर आहे.

मुळात वाद कशाचा आहे?

राज्यघटनेचं कलम ८१ सांगतं की राज्याची लोकसंख्या आणि त्याच्या लोकसभेच्या जागा यांचं प्रमाण, शक्य होईल तितकं, सगळ्या राज्यांत सारखं असावं. कलम ८२ प्रमाणे दर जनगणनेनंतर हा हिशेब नव्याने मांडायचा. १९५१, १९६१ आणि १९७१ च्या जनगणनांनंतर तो मांडला गेला. त्यानंतर राज्याराज्यांतलं वाटप आहे तिथेच थांबलं. आज उत्तर प्रदेशला ८०, महाराष्ट्राला ४८, तामिळनाडूला ३९ आणि केरळला २० जागा आहेत, त्या १९७१ च्या लोकसंख्येवर ठरलेल्या आहेत.

१९७१ वर गाडी का थांबली?

१९७६ साली, आणीबाणीत, ४२ वी घटनादुरुस्ती झाली आणि २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत हे वाटप गोठवलं गेलं. त्याच वर्षी जाहीर झालेल्या लोकसंख्या धोरणात कारण स्पष्ट दिलं होतं: कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्याच्या जागा कमी झाल्या, तर ते राज्य कुटुंबनियोजन राबवेलच कशाला? कारण पटण्यासारखं होतं. मुदत संपत आली तेव्हा संसदेने ८४ व्या दुरुस्तीने ती आणखी पुढे नेली, २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीने एवढंच झालं की राज्याच्या आतल्या मतदारसंघांच्या सीमा २००१ च्या आकड्यांवर नव्याने आखता आल्या. राज्याच्या एकूण जागांना हात लागला नाही.

गोठवणं हा उपाय होता की टाळाटाळ? माझ्या मते पहिल्या वेळी तो उपाय होता, दुसऱ्या वेळी टाळाटाळ. मधल्या पंचवीस वर्षांत दुसरा तोडगा शोधण्याचं काम कोणीच मनावर घेतलं नाही, आणि त्याचं व्याज आपण आता भरतो आहोत.

आज एका खासदारामागे किती माणसं येतात?

१९७१ मध्ये देशाची लोकसंख्या सुमारे ५४.८ कोटी होती आणि मोठ्या राज्यांत एका जागेमागे साधारण साडेदहा लाख माणसं येत. केरळमध्येही तेवढीच, उत्तर प्रदेशातही जवळपास तेवढीच.

२०११ मध्ये चित्र पार बदललेलं दिसतं. राजस्थानात एका खासदारामागे २७.४ लाख, बिहारमध्ये २६ लाख, उत्तर प्रदेशात जवळजवळ २५ लाख, महाराष्ट्रात २३.४ लाख. तामिळनाडूत मात्र १८.५ लाख आणि केरळमध्ये १६.७ लाख. देशाची सरासरी २२.३ लाख. म्हणजे केरळमधल्या तीन माणसांचं लोकसभेत जेवढं वजन, तेवढ्यासाठी राजस्थानात जवळपास पाच माणसं लागतात.

हे फक्त कागदावरचं प्रमाण नाही. खासदार निधी प्रत्येक खासदाराला वर्षाला पाच कोटी, मग त्याच्या मतदारसंघात किती का लोक असेनात. रेल्वेचा थांबा, केंद्रीय विद्यालय, पासपोर्ट कार्यालय यांसाठी दिल्लीत धडपडणारा माणूस एकच. त्याच्या दारातली रांग कुठे सतरा लाखांची, कुठे सत्तावीस लाखांची.

उद्या सरळ लोकसंख्येप्रमाणे वाटप केलं तर कोणाचं काय होईल?

५४३ जागा कायम ठेवून २०११ च्या लोकसंख्येने भागाकार केला तर अंदाजे असं निघतं: उत्तर प्रदेश ८० वरून ९०, बिहार ४० वरून ४७, राजस्थान २५ वरून ३१, मध्य प्रदेश २९ वरून ३३. तामिळनाडू ३९ वरून ३२ आणि केरळ २० वरून १५. आंध्र आणि तेलंगण मिळून ४२ चे ३८. कर्नाटक २८ चे २७. दक्षिणेच्या पाच राज्यांकडे आज १२९ जागा आहेत, त्या ११३ च्या आसपास येतील.

फटका फक्त दक्षिणेला बसत नाही, हे सहसा कोणी सांगत नाही. ओडिशाच्या २१ च्या १९ होतात, पश्चिम बंगालच्या ४२ च्या ४१, पंजाबच्या १३ च्या १२. २२ मार्च २०२५ ला तामिळनाडूचे मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी चेन्नईत बोलावलेल्या बैठकीला केरळ आणि तेलंगणाबरोबर पंजाबचे मुख्यमंत्रीही होते, ते उगीच नाही. सध्याचं वाटप आणखी २५ वर्षं गोठवावं, अशी मागणी त्या बैठकीत झाली. नव्या जनगणनेच्या आकड्यांनी ही दरी आणखी रुंदावलेली दिसेल, हे उघड आहे.

महाराष्ट्राला फायदा की तोटा?

महाराष्ट्र बरोबर मधोमध आहे. त्याच भागाकाराने आपल्या ४८ च्या ५० होतात. म्हणून आपल्याकडे या विषयावर फारशी ओरड नाही, आणि म्हणूनच आपण त्याकडे दुर्लक्ष करतो.

पण या मधोमध असण्याचं कारण पाहायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, १.७ होता. केरळ आणि तामिळनाडूचा १.८, उत्तर प्रदेशचा २.४, बिहारचा ३.०. म्हणजे मुलं कमी होण्याच्या बाबतीत आपण दक्षिणेच्याच पंगतीत बसतो. तरीही आपला वाटा घटत नाही, कारण इथे बाहेरून माणसं येतात. भिवंडीच्या यंत्रमागांवर, पुण्यातल्या बांधकामांवर, तळोज्याच्या कारखान्यांत काम करणारा बिहारचा किंवा पूर्व उत्तर प्रदेशचा मजूर इथे राहत असेल तर जनगणनेत इथेच मोजला जातो आणि महाराष्ट्राच्या जागांच्या हिशेबात धरला जातो. त्याचं नाव मतदारयादीत मात्र बऱ्याचदा गावीच असतं. त्याच्या डोक्यामुळे आपल्या वाट्याला प्रतिनिधित्व येतं, आणि तो स्वतः इथे मत देऊ शकत नाही. परप्रांतीयांच्या नावाने बोटं मोडताना हा हिशेबही लक्षात ठेवावा.

गोव्याला दोन खासदार म्हणजे जरा जास्तच नाही का?

निव्वळ आकड्यांत पाहिलं तर हो. २०११ मध्ये गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती, म्हणजे खासदारामागे सव्वासात लाख. काटेकोर वाटप केलं तर गोव्याला कशीबशी एक जागा मिळेल. पण घटनेनेच इथे सूट दिली आहे. ज्या राज्याची लोकसंख्या ६० लाखांच्या वर नाही, त्याला प्रमाणाचा नियम लागू नाही. १९७३ च्या ३१ व्या दुरुस्तीने ही तरतूद आली. नागालँड, मिझोराम, सिक्कीम यांना प्रत्येकी एक जागा आहे, तर मणिपूर, मेघालय, त्रिपुरा आणि अरुणाचलला दोन-दोन. चौसष्ट हजार वस्तीच्या लक्षद्वीपलाही एक जागा आहे, पण तो केंद्रशासित प्रदेश असल्याने त्याची तरतूद वेगळी.

ही सूट मला योग्य वाटते. एक मिझो खासदार कमी करून बिहारला पाव टक्काही फायदा होत नाही, पण मिझोरामचा संसदेतला आवाजच बंद होतो. आणि खरा वाद या छोट्या राज्यांशी नाहीच. तो मोठी राज्यं आणि मध्यम राज्यं यांच्यातला आहे.

एकूण जागाच वाढवल्या तर कोणाचंच नुकसान होणार नाही ना?

हा उपाय सगळ्यांना चटकन पटतो. नव्या संसद भवनात लोकसभेचं सभागृह ८८८ आसनांचं आहे, त्यामुळे या चर्चेला जोर आला. एक आकडेमोड करून पाहू. केरळच्या २० जागा कमी होऊ द्यायच्या नाहीत असं ठरवलं, तर एका जागेमागे १६.७ लाख हे प्रमाण धरावं लागेल. त्या हिशेबाने सभागृह सुमारे ७२५ जणांचं होतं. त्यात केरळ २०, तामिळनाडू ४३, महाराष्ट्र ६७, राजस्थान ४१, बिहार ६२ आणि उत्तर प्रदेश १२०.

कोणाची जागा गेली नाही, पण वाटा गेलाच. केरळ आज ५४३ पैकी २० म्हणजे ३.७ टक्के आहे, तो २.८ टक्क्यांवर येतो. सभागृहात बहुमत मोजलं जातं ते एकूण संख्येच्या तुलनेत. त्यामुळे ‘एकही जागा कमी होणार नाही’ या आश्वासनाने दक्षिणेच्या मूळ काळजीला उत्तर मिळत नाही.

याचा आणखी एक परिणाम आहे आणि तो फार कमी लोकांच्या लक्षात येतो. लोकसभा आणि राज्यसभेत एखाद्या विधेयकावर मतभेद झाले तर संयुक्त बैठक घेता येते. आजवर तीनदा घेतली गेली: १९६१, १९७८ आणि २००२. अशा बैठकीत आज राज्यसभेचे २४५ सदस्य एकूण ७८८ पैकी ३१ टक्के होतात. लोकसभा ७२५ ची झाली आणि राज्यसभा तशीच राहिली, तर हा वाटा २५ टक्क्यांवर येईल. लोकसभा फुगवताना राज्यसभेला हात लावला नाही, तर राज्यांचं सभागृह आपोआप दुबळं होतं.

आणि सगळ्यांच्या जागा सारख्याच प्रमाणात वाढवल्या तर?

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी कोइम्बतूरमध्ये सांगितलं होतं की प्रमाणशीर वाटपात दक्षिणेच्या कोणत्याही राज्याची एकही जागा कमी होणार नाही. वाद लगेच सुरू झाला, तो प्रमाण कशाचं यावर. लोकसंख्येचं की आजच्या जागांचं?

आजच्या जागांचं धरलं आणि सगळ्यांना दीडपट दिलं, तर उत्तर प्रदेश १२०, महाराष्ट्र ७२, केरळ ३०. वाटा कोणाचाच बदलत नाही, दक्षिण निश्चिंत. पण मग राजस्थानच्या मतदाराला कायमचं सांगावं लागेल की तुझं मत १९७१ च्या भावानेच मोजलं जाईल. हे फार काळ टिकणार नाही, आणि टिकूही नये.

दक्षिणेची तक्रार मनापासून पटते. मग अडचण कुठे आहे?

तक्रार मलाही पटते. तामिळनाडूने तर हा फटका आधीच सोसलेला आहे. १९६२ मध्ये त्या राज्याला ४१ जागा होत्या, १९६७ मध्ये त्या ३९ झाल्या. देशाने सांगितलं म्हणून कुटुंबनियोजन केलं, शाळा आणि दवाखाने उभे केले, आणि त्याचं फळ म्हणून दिल्लीतला आवाज बारीक झाला, ही भावना खोटी नाही.

अडचण अशी आहे की मताचा अधिकार राज्याचा नसून माणसाचा आहे. बिहारमधल्या सीतामढीतल्या एखाद्या मुलीने लोकसंख्या धोरणात कोणती चूक केली? तिच्या आईला दवाखाना मिळाला नाही, शाळा मिळाली नाही, आणि वर तिचं मतही कमी मोलाचं धरायचं, हे कोणत्या न्यायात बसतं? २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी ‘एक माणूस, एक मत’ आणि ‘एक मत, एक मूल्य’ या तत्त्वाची आठवण दिली होती. राजकारणात तरी ही समानता आपण मान्य करतो आहोत, असं ते म्हणाले होते. आज बिहार आणि केरळच्या बाबतीत ती पूर्णपणे पाळली जात नाही.

राज्याला त्याच्या कामाचं बक्षीस द्यायचंच असेल तर ते पैशांत देता येतं, आणि दिलंही गेलं आहे. १५ व्या वित्त आयोगाने केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा ठरवताना २०११ ची लोकसंख्या वापरली, पण १२.५ टक्के भार लोकसंख्या आटोक्यात ठेवण्याच्या कामगिरीला दिला. हे पुरेसं आहे की नाही यावर भांडता येईल. मात्र दिशा बरोबर आहे.

छोट्या राज्यांसाठी राज्यसभा आहेच की?

नावाने आहे. या वादातलं सगळ्यात दुर्लक्षित प्रकरण हेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

राज्यसभेत राज्यांना समान जागा नाहीत. जागांचं वाटप चौथ्या परिशिष्टात दिलं आहे, आणि त्याचं मूळ सूत्र होतं: पहिल्या पन्नास लाख वस्तीपर्यंत दर दहा लाखांमागे एक जागा, त्यापुढे दर वीस लाखांमागे एक. १९५१ मध्ये उत्तर प्रदेशची वस्ती सुमारे ६ कोटी ३२ लाख होती. पहिल्या पन्नास लाखांच्या ५ आणि उरलेल्यांच्या २९, एकूण ३४. आज उत्तर प्रदेशच्या ३१ आणि उत्तराखंडच्या ३ मिळून त्याच ३४ आहेत. महाराष्ट्राला १९, तामिळनाडूला १८, केरळला ९ आणि गोव्याला फक्त १. लहान राज्याला थोडा आधार मिळतो, पण एकट्या उत्तर प्रदेशच्या जागा गोव्यासारख्या एकेक जागेच्या तीस राज्यांपेक्षा जास्त भरतात.

दुसरी गोष्ट अधिकारांची. धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाबद्दलचं विधेयक, राज्यसभा अडवू शकत नाही, ते चौदा दिवसांत परत करावं लागतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. पूर्वी राज्यसभेवर निवडून जायचं तर त्या राज्यातला मतदार असणं बंधनकारक होतं. २००३ मध्ये कायदा बदलून ही अट काढली गेली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप नायर खटल्यात तो बदल वैध ठरवला. तेव्हापासून कोणत्याही राज्याचा माणूस कोणत्याही राज्यातून राज्यसभेवर जाऊ शकतो. पक्षाला सोयीची जागा जिथे रिकामी असेल तिथून उमेदवार पाठवला जातो. ज्याचं त्या राज्यात घर नाही, ज्याला तिथल्या पाण्याचा, पिकांचा, बोलीचा गंध नाही, त्याने त्या राज्याची बाजू मांडायची. अशा सभागृहाने मध्यम आणि छोट्या राज्यांना धीर द्यावा, ही अपेक्षा फोल आहे.

केंद्र-राज्य संबंधांवरच्या पुंछी आयोगाने २०१० मध्ये शिफारस केली होती की लोकसंख्या कितीही असो, राज्यसभेत सगळ्या राज्यांना सारख्या जागा द्याव्यात. ती शिफारस तशीच पडून आहे.

अमेरिकेत हा प्रश्न कसा सोडवला?

भांडून, आणि अगदी थोडक्या फरकाने. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात व्हर्जिनियासारख्या मोठ्या राज्यांना दोन्ही सभागृहं लोकसंख्येवर हवी होती. न्यू जर्सीच्या विल्यम पॅटरसन यांनी प्रत्येक राज्याला सारखं मत देणारी योजना मांडली. शेवटी कनेक्टिकटच्या रॉजर शर्मन यांच्या तोडग्यावर १६ जुलैला मतदान झालं: खालचं सभागृह लोकसंख्येवर, वरच्यात प्रत्येक राज्य समान. पाच विरुद्ध चार राज्यांनी तो मंजूर झाला, मॅसॅच्युसेट्सचं मत आतल्या आत फुटलं म्हणून धरलंच गेलं नाही. आज सुमारे चार कोटींच्या कॅलिफोर्नियाला सिनेटमध्ये दोन जागा आणि सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगलाही दोनच. इतकी टोकाची समानता आपल्याकडे आणावी असं मला वाटत नाही.

मधले रस्ते आहेत. जर्मनीच्या बुंडेसराटमध्ये, म्हणजे तिथल्या राज्यांच्या सभागृहात, राज्याला वस्तीनुसार तीन ते सहा मतं असतात. युरोपीय संसदेत कोणत्याही देशाला ६ पेक्षा कमी आणि ९६ पेक्षा जास्त जागा नाहीत, मधल्यांना चढत्या पण मंदावत जाणाऱ्या प्रमाणात. कॅनडाने तर कोणत्याही प्रांताची जागा पूर्वीपेक्षा कमी होणार नाही असं कायद्यातच लिहून ठेवलंय.

मोठी राज्यं तोडणं हा उपाय नाही का?

बाबासाहेबांनी १९५५ मध्ये भाषिक राज्यांवर लिहिलेल्या पुस्तिकेत नेमकं हेच सुचवलं होतं. त्याच वर्षीच्या राज्य पुनर्रचना आयोगात सरदार के. एम. पणिक्कर यांनी उत्तर प्रदेशच्या आकाराबद्दल वेगळी टिपणी जोडली होती. एकच राज्य इतकं मोठं असेल तर संघराज्याचा तोल जातो, हा तिचा आशय. बाबासाहेबांनी ती चिंता उचलून धरली आणि उत्तर प्रदेशचे तीन, बिहारचे दोन, मध्य प्रदेशचे दोन भाग करावेत असं मांडलं. महाराष्ट्राचेही चार, मुंबई धरून. आपल्याकडे हा शेवटचा भाग सांगायचं टाळलं जातं. २०११ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेने स्वतःच राज्याचे चार भाग करण्याचा ठराव केला होता, पण पुढे काही झालं नाही.

मात्र राज्य तोडल्याने लोकसभेतलं वजन कमी होत नाही, कारण तिथे माणसं मोजली जातात. कमी होते ती एकगठ्ठा ताकद: एक मुख्यमंत्री, एक पक्षसंघटना, ८० खासदार. आणि राज्यसभेत समान जागा दिल्या, तर तोडलेल्या राज्यांचा वाटा उलट वाढेल. दोन्ही गोष्टी एकत्र करताना हे पाहावं लागेल.

अशी जागा गमावण्याचा अनुभव महाराष्ट्रात कोणाला आला आहे?

कोकणाला. आणि हे उदाहरण प्रत्येक मराठी माणसाने डोळ्यांसमोर ठेवावं असं आहे.

२००८ मध्ये न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने आखलेल्या नव्या सीमा लागू झाल्या. महाराष्ट्राच्या ४८ जागा कायम राहिल्या, पण आत उलथापालथ झाली. राजापूर हा लोकसभा मतदारसंघ नकाशावरून गेला. ज्या राजापूरने बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते यांना संसदेत पाठवलं, कोकण रेल्वेचा आग्रह ज्या खासदाराने वर्षानुवर्षं लावून धरला, तो मतदारसंघ. राजापूर, रत्नागिरी आणि कुलाबा अशा तीन जागांच्या जागी रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि रायगड अशा दोन उरल्या. पनवेल, उरण आणि कर्जत घाटावरच्या मावळला जोडले गेले. उरणच्या कोळ्याचा आणि पिंपरी-चिंचवडच्या कामगाराचा खासदार एकच.

ठाणे जिल्ह्याचं नेमकं उलट झालं. ठाणे आणि डहाणू अशा दोन लोकसभा जागांच्या पालघर, भिवंडी, कल्याण आणि ठाणे अशा चार झाल्या. विधानसभेच्या १३ च्या २४. विदर्भाच्या विधानसभा जागा ६६ वरून ६२ वर आल्या आणि लोकसभेची एक जागा कमी झाली.

कोकणाने चूक काय केली? मुलं कमी झाली, शिकली आणि कामाला मुंबई-ठाण्याला गेली. २००१ ते २०११ मध्ये राज्यात ज्या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली, त्यांत मुंबई शहराबरोबर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग होते. गणपतीला घरं उघडतात, एरवी कुलूप. मतदारसंघ माणसांच्या मागे शहरात गेला. नियमाने पाहिलं तर काहीच गैर झालं नाही. डोंबिवलीत राहणाऱ्या चाकरमान्याला तिथे खासदार हवाच. पण गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या एसटीचा, दवाखान्याचा, पडझड झालेल्या साकवाचा प्रश्न मांडणारा एक आवाज कमी झाला, हेही तितकंच खरं. केरळची काळजी समजून घ्यायला कोकणी माणसाला फार लांब जावं लागत नाही.

राष्ट्रपती निवडणुकीतही १९७१ चेच आकडे वापरतात?

हो. आमदाराच्या मताचं मूल्य १९७१ च्या लोकसंख्येवर ठरतं. महाराष्ट्राची तेव्हाची ५ कोटी ४ लाख लोकसंख्या २८८ आमदारांनी आणि पुन्हा हजाराने भागली की १७५ येतात. तामिळनाडूच्या आमदाराचं मत १७६, उत्तर प्रदेशचं २०८, गोव्याचं २० आणि सिक्कीमचं ७.

महिला आरक्षणाचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत महिलांना एक तृतीयांश जागा दिल्या, पण त्यानंतरच्या पहिल्या जनगणनेवर आधारित पुनर्रचना झाल्यावरच त्या लागू होतील अशी अट घातली. दोन वेगळे प्रश्न एका दोरीने बांधले गेले. राज्यांच्या भांडणाची शिक्षा बायकांना का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

मग तुमच्या मते काय व्हावं?

लोकसभा लोकसंख्येप्रमाणे व्हावी, छोट्या राज्यांची सूट कायम ठेवून. एका फटक्यात नको, दोन निवडणुकांत विभागून, म्हणजे कोणत्याही राज्याला एकदम सात जागांचा धक्का बसणार नाही. पण हे होण्याच्या आधी, त्याच घटनादुरुस्तीत, राज्यसभा खऱ्या अर्थाने राज्यांची करावी. रहिवासी असण्याची अट परत आणावी. जागा पूर्ण समान नसल्या तरी जर्मनीसारख्या अरुंद पट्ट्यात असाव्यात, समजा सर्वांत लहान राज्याला तीन आणि सर्वांत मोठ्याला बारा. करांची वाटणी, भाषा, पाणीतंटे आणि राज्यांच्या सीमा या विषयांवरच्या कायद्यांना राज्यसभेची मान्यता लागावी आणि त्यांवर संयुक्त बैठक नसावी. लोकसभेत उत्तर प्रदेशच्या माणसाला त्याचं पूर्ण मत मिळेल आणि केरळला कोणी गृहीत धरू शकणार नाही. महाराष्ट्राच्या राज्यसभेत आज १९ जागा आहेत, त्या यात कमी होतील. तरी मी हेच म्हणेन.

हे सगळं ठरवतं कोण? सामान्य माणसाला काही म्हणता येतं का?

राज्यांचं संसदेतलं प्रतिनिधित्व बदलणारी घटनादुरुस्ती असेल, तर दोन्ही सभागृहांच्या विशेष बहुमताबरोबर किमान निम्म्या राज्यांच्या विधानसभांचीही मान्यता लागते. तिथे गोव्याची विधानसभा आणि उत्तर प्रदेशची विधानसभा सारखीच मोजली जाते. म्हणून आपल्या आमदाराला या विषयावर त्याची भूमिका विचारणं अगदी योग्य आहे.

प्रत्यक्ष सीमा परिसीमन आयोग आखतो. २००२ च्या कायद्याप्रमाणे सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश त्याचे अध्यक्ष होते, सोबत केंद्रीय निवडणूक आयोगाचे प्रतिनिधी आणि त्या-त्या राज्याचे निवडणूक आयुक्त. राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, पण त्यांना मत नसतं. आयोग आधी कच्चा आराखडा राजपत्रात प्रसिद्ध करतो, हरकती-सूचनांसाठी तारीख देतो आणि राज्यात जाहीर सुनावणी घेतो. एकदा अंतिम आदेश निघाला की न्यायालयात फारसं काही करता येत नाही. त्यामुळे जे काही म्हणायचं ते कच्च्या आराखड्यावरच, लेखी, आणि गावांची नावं, अंतरं, रस्ते, नद्या, बाजारपेठ यांच्या नेमक्या तपशिलासह म्हणावं लागतं. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्यावर आयोग सीमा हलवत नाही. ‘या बारा गावांचा तालुका, बाजार आणि एसटी आगार पलीकडच्या मतदारसंघात जातं’ असं लिहिलं तर विचार करावा लागतो. ग्रामसभेने तसा ठराव करून सुनावणीला जोडता येतो.